तीन मूर्तींचा चौक

साकोलीहून असो वा नागपुराहून, दिल्ली पाहावयास गेलेला मनुष्य तीन मूर्ति भवन पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. पंडित नेहरू पंतप्रधान असतां तेथें राहत, हें त्यास ठाऊक असतें. परंतु भवनास हें नांव ज्यांच्यामुळें मिळालें, त्या मूर्ति कोणाच्या, असें क्वचितच कोणी विचारतो.

समोरच्या चौकांत एका दगडी स्तंभाभोंवतीं कांशाचे तीन सैनिक उभे आहेत. ते शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्स यानें घडविले. भवन १९३० सालीं सरसेनापतीकरितां बांधलें गेलें; स्मारक त्याच्याही आधींचें. हे तिघे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांच्या भालाइत घोडदळांचे प्रतिनिधि होत. संस्थानिकांनीं स्वखर्चानें बाळगलेलीं हीं पथकें १९१४ सालीं समुद्रापार गेलीं आणि सुएझपासून सिनाई, पॅलेस्टाइन व सीरियापर्यंत त्यांनीं युद्ध केलें. हैदराबादची मूर्ति आपल्यास विशेष जवळची. कारण त्या काळीं औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्याच संस्थानांत मोडत.

या मोहिमेंतील सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे २३ सप्टेंबर १९१८. एका बाजूस कार्मेल पर्वत, दुसऱ्या बाजूस किशोन नदी, आणि समोर तोफा व मशीनगना, अशा स्थितींत जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनीं भाले सरसावून हायफा शहर घेतलें. सुमारें १,३५० कैदी हातीं लागले. जोधपूरचे मेजर दलपतसिंह त्याच दिवशीं कामास आले.

पुढें १४ जानेवारी २०१८ रोजीं इस्राएलच्या पंतप्रधानांच्या भेटींत या चौकास ‘तीन मूर्ति हायफा चौक’ हें नांव देण्यांत आलें. विसरलेल्या पराक्रमाची आठवण झाली, हें योग्यच. परंतु हायफावरील त्या हल्ल्यांत हैदराबादचे स्वार नव्हते. एका दिवसाच्या नांवानें चौक ओळखला जाऊं लागला, तर तिसऱ्या मूर्तीच्या वांट्यास काय उरेल?

हे लोक परक्या साम्राज्याकरितां लढले, म्हणून स्वतंत्र भारतानें त्यांस विसरावें, असें मुळींच नाहीं; हायफांत पडलेल्यांचा दिवस आपलें सैन्य आजही पाळतें. मात्र स्मरण करावयाचें तें तिघांचेंही करावें, आणि एका विजयाबरोबरच वाळवंटांतील त्या सगळ्या वर्षांचें करावें. दिल्लीस जाल तेव्हां भवनाच्या फाटकांत शिरण्यापूर्वीं क्षणभर चौकाजवळ थांबा आणि तिन्ही मूर्ति निरखून पाहा.