पुण्यातील नासिकासंधान आणि श्वासमार्गाचा प्रश्न

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ झालेल्या नासिकासंधानाचा उल्लेख शल्यचिकित्सेच्या बहुतेक इतिहासग्रंथांत आढळतो. मात्र त्याचे विवेचन प्रायः रूपाच्या अंगानेच झाले आहे. छेदलेले नाक पुन्हा उभे राहिले आणि चेहऱ्याचे वैरूप्य गेले, एवढ्यावरच अभ्यासकांची दृष्टी खिळून राहिली. नाक हा प्रथम श्वासाचा मार्ग होय. तेव्हा नव्या नाकातून रुग्णाला श्वास घेता येत असे काय, हा प्रश्न त्या वृत्तान्ताला विचारणे अगत्याचे आहे.

घटना सर्वश्रुत आहे. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम व इंग्रज यांनी केलेल्या आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या तहाने संपलेल्या युद्धात कावसजी नावाचा, शेतकरी जातीतील एक मराठा, इंग्रजी सैन्याकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. त्या वेळी सर चार्ल्स मॅलेट हे पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील होते, आणि जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त चित्रासह प्रसिद्ध झाला. क्रूसो व फिंडले या मुंबईकडील दोन डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे त्यात नमूद आहे.

क्रियेचा क्रम असा होता. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याचे माप घेत. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याभोवती रेषा आखीत. त्या रेषेतील त्वचा सोडवून घेताना दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ अखंड राखीत, कारण जोड धरेपर्यंत रक्तपुरवठा त्यातूनच व्हावयाचा असे. खुंटावरचा जुना वण खरवडून त्यामागे छेद घेत, त्वचापट्ट अर्धा पिळून खाली आणीत आणि त्याची कड छेदात बसवीत. वर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी लावीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला जाई.

या तपशिलात एक वाक्य सहज नजरेतून सुटते. दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालून त्या पुरेशा उघड्या ठेवीत, असे वृत्तान्त सांगतो. त्वचेच्या ज्या बाजूस अस्तर नसते ती बाजू भरून येताना आकसते आणि छिद्र मिटत जाते. शरीररचनेचा कोणताही ग्रंथ हाती नसलेल्या त्या कारागिराला हे अनुभवाने कळले होते. केवळ रूप साधावयाचे असते, तर या खटाटोपाचे कारण नव्हते.

हीच दृष्टी सुश्रुतसंहितेतही आढळते. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात झाडाच्या पानाने नाकाचे माप घेऊन गालाच्या बाजूची त्वचा वापरण्यास सांगितले आहे, आणि जोडलेल्या नाकात दोन नळ्या बसविण्याचा विधी दिला आहे. उत्तरतंत्रात नासारोगांच्या ३१ प्रकारांत नाक चोंदण्याच्या विकाराची, म्हणजे नासाप्रतीनाहाची, गणना आहे. वाग्भटाने तर नाकातील अर्बुद व अर्श यांसाठी दोन अंगुळे लांबीची, एका छिद्राची स्वतंत्र नाडी वर्णिली आहे. तथापि, पुण्याचा कारागीर सुश्रुताचा थेट वारस होता असे यावरून ठरत नाही. संहितेत गालाची त्वचा आहे, पुण्यात कपाळाची. तेथे पान आहे, येथे मेण. तेथे नळ्या आहेत, येथे कापड. तत्त्व एक असले तरी साधने भिन्न आहेत. ग्रंथपरंपरा आणि जातिगत कौशल्य यांचा संबंध सिद्ध मानण्याऐवजी तो तपासण्याचा विषय समजावा, हेच शास्त्रशुद्ध होय.

युरोपात गेले ते हे कौशल्य. संहितेचा पाठ तिकडे नंतर पोचला. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये पुण्याच्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली आपल्या दोन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुश्रुताचे हेसलरकृत लॅटिन भाषांतर १८४४ पासून निघू लागले. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफे यांचा नासिकासंधानावरील ग्रंथ प्रकाशित झाला. त्याच वर्षी पनवेलजवळचा कर्नाळा इंग्रजांच्या हाती पडला व पेशवाई संपली. ज्या राज्यात ही विद्या कारागिराच्या हाती जिवंत होती ते राज्य लयास गेले, आणि विद्येला मात्र परक्या भाषेत शास्त्रीय नाव लाभले. कार्प्यू आणि ग्रेफे यांची नावे इतिहासात नोंदली गेली. पुण्याच्या कारागिराचे नाव वृत्तान्तात आलेच नाही.

आकसण्याचा प्रश्न पुढेही उरलाच. इंदूरच्या रेसिडेन्सीतील शल्यचिकित्सक कीगन यांनी उरलेल्या नाकावरील त्वचा खाली उलटवून नव्या नाकाला आतून अस्तर देण्याची युक्ती योजिली, आणि १९०० साली त्यावर ग्रंथ लिहिला. जे काम पुण्यात कापडाच्या बोळ्यांवर सोपविले होते, ते आता त्वचेच्या रचनेतूनच साधू लागले. पाठोपाठ १९०२ साली शिकागोचे फ्रीअर व १९०४ साली फ्रायबुर्गचे किलियन यांनी वाकड्या पडद्याची कूर्चा आतील आवरण राखून काढण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीत पुढची व वरची कूर्चापट्टी राखावी लागते, कारण ती गेली तर नाक खचते. श्वास मोकळा करताना आकार सांभाळावा लागतो, आणि आकार घडविताना श्वास. आधुनिक शल्यचिकित्सेने सिद्ध केलेल्या या परस्परावलंबनाचा दुसरा भाग पुण्याच्या वृत्तान्तातील त्या एका वाक्यात आधीच आलेला आहे. म्हणून नासिकेच्या शल्यचिकित्सेचा इतिहास लिहिताना दहाव्या दिवसाच्या त्या कापडाला मेणाच्या पत्र्याइतकेच महत्त्व दिले पाहिजे.