चिरा, चुना आणि राजांगण

गोव्यातील आपल्या जुन्या घरांविषयी बोलताना ‘पूर्ववत करणे’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. पूर्ववत म्हणजे नेमके कोणत्या काळासारखे? फोंडा महालातील आमच्या वडिलोपार्जित घराची दुरुस्ती काढली तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

हा महाल १७६३ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आला. इथल्या जुन्या घरांची घडण परिचित आहे : जांभ्याचे चिरे, शिंपले भाजून काढलेला चुना, लाकडी तुळया आणि मधोमध तुळशीवृंदावन असलेले राजांगण. छपरावरची मंगळुरी कौले मात्र मूळची नव्हेत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. त्यानंतर ही चपटी कौले किनारपट्टीवर पसरली आणि हाताने घडविलेले नळे मागे पडले. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती पणजोबांच्या काळची सुधारणाच होय.

मग सिमेंटलाच विरोध का? जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी शोषतो आणि पुढे ती ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा गिलावा ही वाट बुजवितो. ओल आतच कोंडते आणि भिंतीत बसविलेली तुळयांची टोके कुजू लागतात. १९९२ साली आम्हीच हौसेने देवघराची भिंत सिमेंटने लिंपून घेतली होती. काही पावसाळ्यांतच तिच्यावर क्षार फुलले. पुढे तो गिलावा खरवडताना चिऱ्यांचे पापुद्रेही त्याबरोबर निघाले. नळे उतरवून कौले चढविणाऱ्या पणजोबांनी घराला इजा केली नव्हती. ती आम्ही केली.

१९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनी जमीन कसणाऱ्यांना हक्क मिळाले, ते न्याय्यच झाले. परंतु ज्या उत्पन्नावर दरवर्षी कौले चाळली जात, ते आटले. खर्च भाऊबंदांच्या वर्गणीवर आला आणि वर्गणीबरोबर मतभेदही आले. राजांगणावर स्लॅब टाकून पावसाची कटकट कायमची मिटवावी, असे काहींचे म्हणणे पडले. एका बंधूंनी तर आपला वाटा विकण्याची भाषा केली.

चतुर्थीला सगळे जमले असता एक नियम ठरला : उद्या घराला धक्का न लावता काढता येईल, तेच आज घालावे. त्या नियमाने वृद्ध काकूंसाठी न्हाणीघर मागील पडवीत, जुन्या भिंतीला हात न लावता बांधले गेले. देवघराला पुन्हा चुना लागला. स्लॅब बारगळला. बंधूंची समजूत अद्याप पुरती पटलेली नाही; मात्र त्यांनी वाटा विकलेला नाही, आणि वर्गणीही चुकविलेली नाही. पागोळ्या आजही राजांगणातच पडतात.