विटाळ ओळखला, विष नाही

मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्याचा पगार सूतखात्यापेक्षा जास्त होता आणि तिथे आमच्या लोकांना प्रवेश नव्हता. कारण धोटा. कांडी संपली की विणकर नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याची लाळ सवर्ण कामगाराच्या ओठाला लागली तर? 1928 च्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी घ्यायला बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना भाग पाडले. त्याच धाग्यासोबत कापसाची धूळ तोंडात जात होती, दुसऱ्याच्या क्षयाचे जंतूही जाऊ शकत होते. त्याची फिकीर कुणाला? लाळेची जात मात्र सगळ्यांना पाठ होती!

1948 च्या कारखाना कायद्याने धूळ आणि विषारी धूर जिथे निघतो तिथेच ओढून बाहेर काढायला सांगितले. पण किती म्हणजे धोकादायक, हे आकड्यांत आले ते भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने. त्या यादीत हायड्रोजन सल्फाइड आहे. आठ तासांची सरासरी मर्यादा: हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग.

हाच वायू गटारात साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. 100 भागांच्या आसपास नाकच बधिर होते. वास गेला म्हणून माणसाला वाटते, हवा मोकळी झाली. त्याहून बराच वाढला की तो काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊही. एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन मरतात ते असे.

सांडपाणी उपसणारे पंपिंग स्टेशन कायद्याने 'कारखाना' ठरू शकते. रस्त्यातले मॅनहोल ठरत नाही. वायू एकच, पण तिथे उतरणाऱ्याच्या जातीला मोजमाप लागत नाही!

2013 च्या कायद्याने धोकादायक सफाईला बंदी घातली. त्याच्या नियमांतल्या साधनांच्या यादीत गॅस मॉनिटरही आहे. मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 ला 10 लाख आणि 2023 ला 30 लाख केली. ती मिळवण्यासाठी आपण भांडतोच. पण कंत्राटदार 'दारू प्यायला होता' म्हणून मोकळा होऊ पाहतो, तेव्हा त्या दिवशीच्या हवेची नोंद आपल्या हातात नसते.

म्हणून माणूस मरायची वाट न पाहता आपल्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. गॅस मॉनिटर किती आहेत, शेवटची तपासणी कधी झाली, उतरण्याआधीचे आकडे कुठल्या वहीत लिहिले आहेत आणि त्याखाली सही कोणाची आहे, हे लेखी मागा.