विसाव्यास ठेवलेली वाहने

थंड देशांत ऑक्टोबर महिना लागला की पुष्कळ कुटुंबांत एक काम निघते. उन्हाळाभर ज्या गाडीतून सहल केली, जिच्यात निजण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असते, ते चाकांवरचे घर हिवाळ्यासाठी बंद करून ठेवायचे असते. टाक्यांतील व नळांतील पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकावे लागते. कारण पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि धातूची नळीही तडकते. मग बॅटरी सोडवायची, गाडीखाली ठोकळे द्यायचे, अन्नाचा कण न् कण झाडून काढायचा आणि मग दार लावायचे. या कामात आळस करणाऱ्यास वसंत ऋतूत भुर्दंड भरावा लागतो.

ही हौस फार जुनी नाही. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका नौदल-वैद्याने १८८५ साली केवळ हौसेखातर आपल्यासाठी एक घर-गाडी बांधवून घेतली आणि दोन घोडे जुंपून तिच्यातून इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. अशा हौशी प्रवाशांचा संघ १९०७ साली ब्रिटनमध्ये स्थापन झाला. गंमत अशी, की त्याआधीच १८८० साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने फिरत्या घराची कल्पना चक्क हिंदुस्थानात आणून बसविली होती. त्याच्या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची घरे ओढत नेतो, आणि कथानकात नानासाहेब पेशवेही येतात!

आपल्याकडे मात्र हिवाळा हा प्रवासाचा वैरी नव्हे. तो प्रवासाचा सोबती होय. आपला बंदीचा काळ म्हणजे पावसाळा. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि मृगाच्या सुमारास मोहीम आवरून मुक्कामाला बसत. त्या मुक्कामालाच ‘छावणी’ म्हणत. आज हा शब्द आपण लष्कराच्या कोणत्याही तळाला लावतो. पण त्याचे मूळ शाकारणीत आहे. वर छप्पर छावून पर्जन्यकाळ काढणे, ती छावणी.

ही छावणी केवळ माणसांची नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या छावणीचाही विचार आला आहे. समुद्र खवळण्यापूर्वीच गलबते सुरक्षित बंदरात, किल्ल्याच्या आसऱ्याला आणावीत. आणि दर वर्षी एकाच बंदरात न ठेवता जागा बदलावी, म्हणजे एकाच गावाच्या रयतेस खलाशांचा उपद्रव सोसावा लागणार नाही, असा त्यातील धोरणाचा आशय आहे. वाहन विसाव्यास ठेवताना वाहनाचाच नव्हे, तर शेजाऱ्याचाही विचार करावा, हे सांगणारा तो मुत्सद्दी किती दूरदृष्टीचा असेल!

तंबू, कनाती व बिछायती यांसाठी तर स्वतंत्र खातेच असे. शिवकाळातील अठरा कारखान्यांत फरासखाना आणि शिकारखाना ही दोन्ही नावे आढळतात. पुण्याच्या फरासखान्याचे नाव आज पोलीस ठाण्यामुळे सर्वांच्या तोंडी आहे. पण मुळात फरासखाना म्हणजे तंबू-बिछायतीचे भांडार होय. ओले कापड घडी घालून ठेवले तर ते कुजते, म्हणून ते आधी उन्हात वाळवायचे, झटकायचे, आणि मग आत घ्यायचे. कारखाना म्हणजे निव्वळ कोठार नव्हे. त्याच्यावर माणूस नेमलेला असे आणि वस्तूच्या स्थितीबद्दल तो जबाबदार असे.

आता हैदराबादकडे वळू. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे शिकारीचे मोठे शौकीन होते. त्यांच्या शिकारतळांची छायाचित्रे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी टिपून ठेवली आहेत. १९०२ च्या एप्रिलमध्ये लॉर्ड कर्झन वरंगळकडील रानात शिकारीस आले होते, तेव्हाचेही त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. शिकारीचा हंगाम कडक उन्हाळ्याचा, कारण पाणवठे आटले म्हणजे वाघाला ठराविक ठिकाणी येणे भाग पडते. पाऊस पडला की रस्ते चिखलात बुडत आणि हा सारा डामडौल बासनात बांधला जाई.

याच महबूब अली खानांनी रोल्स-रॉइस कंपनीकडे एक मोटार मागविली. सिल्व्हर घोस्ट जातीच्या त्या गाडीचा सांगाडा लंडनच्या बार्कर कंपनीने चढविला. आसफजाही घराण्याचा पिवळा रंग तिला दिला आणि मागचे आसन उंच करून सिंहासनासारखे बनविले. परंतु ऑगस्ट १९११ मध्ये महबूब अली खान निवर्तले आणि गाडी येथे पोहोचली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. ही गाडी समारंभापुरतीच बाहेर निघे. १९४७ पर्यंतच्या साऱ्या काळात ती जेमतेम ३५६ मैल चालली असे सांगतात. म्हणजे हैदराबादहून औरंगाबादेस एकदा जाऊन परत यावे, इतकीही तिची दौड झाली नाही!

कोणाला वाटेल, गाडी चालली नाही म्हणजे झिजली नाही. पण यंत्राचा स्वभाव तसा नाही. त्या काळच्या मोटारींच्या धातूच्या पत्र्याआड लाकडी चौकट असे. लाकडास वाळवी आणि ओल हे दोन शत्रू. चामड्यावर पावसाळ्यात बुरशी धरते. रबर नुसते उभे राहूनही तडकते, आणि एकाच जागी भार पडल्याने टायर चपटे होतात. पेट्रोल महिनोन्‌महिने राहिले की त्यातील हलका भाग उडून जातो व चिकट राळ उरते, ती बारीक छिद्रे बुजविते. आजच्या पेट्रोलमध्ये तर इथेनॉल असते, आणि ते हवेतील पाणी ओढून घेते. बॅटरी वापरली नाही तरी हळूहळू उतरते आणि पार उतरलेली तशीच ठेवली तर पुन्हा भरता येत नाही. उंदीर तर तारा कुरतडावयास टपलेलेच असतात.

या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. इंजिनातील जुने तेल काढून नवे घालावे, कारण जुन्या तेलात आम्लांश साचलेला असतो. टायरांत हवा पुरेशी भरावी किंवा गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी. हातब्रेक ओढून न ठेवता चाकांना लाकडी उटी लावावी, नाहीतर ब्रेक चिकटून बसतात. बॅटरीची तार सोडवून ती महिन्या-महिन्याने भरून घ्यावी. धुराड्याचे तोंड चिंधीने बंद करावे, आणि ती चिंधी काढण्याची आठवण देणारी चिठ्ठी चाकावर बांधावी. वर घालावयाची खोळ सुती असावी. प्लॅस्टिकखाली घाम साचतो. आणि अधूनमधून पाच मिनिटे इंजिन सुरू करण्याची जी आपली रीत आहे, ती सोडावी. इंजिन पुरते तापत नाही, आत पाणी मात्र साचते. सुरू करायचेच तर गाडी दूरवर फिरवून आणावी.

हे सारे साधे असूनही राजवाड्यात कसे राहून गेले? १९६७ साली मीर उस्मान अली खान वारले आणि नातू मुकर्रम जाह यांच्याकडे वारसा आला. वाड्याच्या गराजात साठ गाड्या होत्या, त्यांच्या पेट्रोलावर व सुट्या भागांवर दर वर्षी मोठी रक्कम खर्ची पडत होती, पण चालत होत्या त्या अवघ्या चार. इतकेच नव्हे तर राज्यारोहणाच्या दिवशी नव्या निजामांना नेणारी मोटारच बंद पडली, असे विल्यम डॅलरिम्पल या इतिहासकाराने लिहिले आहे. पैशाची वाण नव्हती, नोकरांची तर मुळीच नव्हती. उणीव होती ती जबाबदारीची. ज्या वस्तूवर शेकडो माणसे नेमलेली असतात, तिच्याकडे एकाचेही लक्ष नसते. फरासखान्याच्या जुन्या शिस्तीत आणि या गराजात हाच फरक होता.

सुदैवाने कथा येथे संपत नाही. राजकुमारी इस्रा यांच्या पुढाकाराने चौमहल्ला राजवाड्याचा जीर्णोद्धार झाला, २००५ पासून तो लोकांसाठी खुला झाला आणि २०१० मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही त्यास मिळाला. ती पिवळी सिल्व्हर घोस्ट दुरुस्त होऊन तेथे प्रेक्षकांसमोर आली. एके काळी एकाच माणसासाठी बनविलेले ते सिंहासन आज शाळेची मुलेही पाहू शकतात.

शुभवर्तमानात एका सेवकाची गोष्ट आहे. धन्याने दिलेले नाणे त्याने सुरक्षित राहावे म्हणून जमिनीत पुरले, आणि धनी परतल्यावर त्याची निर्भर्त्सना झाली. त्याने नाणे हरवले नव्हते. त्याचा अपराध इतकाच, की ठेवणे आणि पुरणे यांतील भेद त्याला कळला नाही.

हा भेद केवळ राजेरजवाड्यांना लागू नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत आपल्या शहरांतील असंख्य स्कूटरी, रिक्षा आणि शाळेच्या बसगाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. टाळेबंदी उठल्यावर कित्येक रिक्षावाल्यांना पहिले काही दिवस कमाईऐवजी बॅटरी आणि ब्रेक यांच्या दुरुस्तीतच घालवावे लागले. सिंहासनाची मोटार बंद पडली तर समारंभ खोळंबतो. रिक्षा बंद पडली तर घरची चूल खोळंबते. म्हणून पुढच्या मृगापूर्वी, ज्याच्या दारी एखादे वाहन विसाव्यास उभे राहणार असेल, त्याने घरातल्या एका माणसाचे नाव त्याच्या देखभालीसाठी निश्चित करावे, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.