ना समुद्र, ना दरडी: अंतरवाली सराटीसारख्या ‘कमी धोक्याच्या’ गावातल्या घराने तयारी कशाची ठेवायची?

अंतरवाली सराटी हे नाव सप्टेंबर २०२३ पासून राज्यभर पोहोचलं ते मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे. त्याआधी ते जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीजवळचं एक साधं शेतीचं गाव होतं. आजही गावाचा दिनक्रम कापूस, ऊस, मोसंबी आणि पावसाच्या तारखांवरच चालतो.

आपत्तींच्या नकाशावर या भागाला फारसा भडक रंग मिळत नाही. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, त्यामुळे चक्रीवादळाचा थेट तडाखा बसत नाही. कोकणासारख्या दरडी इथे कोसळत नाहीत. त्यामुळे ‘आपल्याकडे काही होत नाही’ हे वाक्य पारावर सहज ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. मोठी, बातम्यांत दिसणारी आपत्ती इथे क्वचित येते. पण एखाद्या घराला उद्ध्वस्त करायला वीज, कोसळलेली भिंत किंवा आटलेली विहीर पुरेशी असते, आणि अशा घटना कोणत्याही नकाशात रंगवलेल्या नसतात.

‘कमी धोका’ म्हणजे नेमकं काय?

याचं उत्तर मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली आणि सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात. इथे माणसं दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली.

जालन्याला भूकंपाची रोज धास्ती घेण्याचं कारण नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा मराठवाड्यात लोक घराबाहेर आले, एवढंच. पण किल्लारीने घराबद्दल सांगितलेली गोष्ट अंतरवालीलाही लागू पडते, आणि त्यासाठी भूकंपच यावा लागतो असं नाही. मातीत बांधलेली जुनी भिंत चार दिवसांच्या झडीनेही बसते. पावसाळ्याआधी अशा भिंतीला पडलेली उभी भेग, फुगलेला भाग किंवा पायाशी मुरणारं पाणी पाहून घ्यावं. भिंत संशयास्पद असेल तर निदान झोपण्याची जागा तिच्यापासून हलवावी.

पत्र्याच्या घरांचा धोका वेगळा. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर मोठे दगड ठेवायची पद्धत गावोगाव आहे. वारा जोराचा असला की पत्र्याबरोबर तो दगडही खाली येतो, आणि खाली माणसं असतात. हुकाचे बोल्ट आणि तारेने पत्रे लाकडी किंवा लोखंडी आढ्याला बांधून घेण्याचा खर्च फार नाही. घराच्या तयारीत पहिलं काम कोणतं, असं विचारलं तर हेच.

वीज: सर्वांत जवळचा धोका

मराठवाड्यात विजेचे दोन हंगाम असतात. एक एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, वळवाच्या पावसाचा, आणि दुसरा परतीच्या पावसाचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमधला. दोन्ही वेळा माणसं शेतातच असतात. पहिल्यात नांगरणी आणि पेरणीची तयारी असते, दुसऱ्यात सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी. गडगडाट सुरू झाला की पाय आपोआप बांधावरच्या बाभळीकडे किंवा लिंबाकडे वळतात. जीव जातो तो बहुतेक तिथेच. वीज उंच वस्तूवर उतरते आणि खोडातून, जमिनीतून शेजारच्या माणसाकडे येते.

साधा हिशोब असा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम तिथेच थांबवून पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या चारचाकीत जावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ट्रॅक्टरला टप नसतो, त्यामुळे तो आसरा नव्हे. दुचाकीही नव्हे. काहीच जवळ नसेल तर झाड, तारेचं कुंपण, विहीर आणि मोटारीपासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसावं. आडवं पडू नये. मजुरांचा जथा असेल तर सगळ्यांनी एकमेकांपासून अंतर ठेवावं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत अॅप आसपास वीज पडण्याची शक्यता काही वेळ आधी दाखवतं. त्यासाठी फोनचं लोकेशन चालू हवं. ज्याच्या फोनमध्ये हे अॅप आहे तो घरी आणि बाकीचे शेतात, ही नेहमीची गंमत. म्हणून घरी असलेल्याने शेतातल्यांना फोन करायचा, हे आधीच ठरवलेलं बरं.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात ‘करंट’ राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर छातीवर दाब देणं सुरू करून १०८ ला फोन करावा. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याच्या समजुतीत तीच मोलाची मिनिटं जातात.

पाऊस नसतानाही पूर

गोदावरी अंबड तालुक्याच्या दक्षिण कडेने, शहागडजवळून वाहते. वरच्या अंगाला पैठणचं जायकवाडी धरण आहे. ते १९७६ मध्ये पूर्ण झालं. ते भरतं मुख्यतः नाशिक आणि अहिल्यानगरच्या पावसावर. त्यामुळे अंबडमध्ये ऊन पडलेलं असताना नदीला पूर येऊ शकतो. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं होतं, आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस विसर्ग तीन लाखांच्या घरात गेला. नदीकाठच्या गावांत पाणी शिरतं हे दिसतंच. आत असलेल्या गावांना त्रास होतो तो वेगळ्या वाटेने. नदी तुडुंब असली की ओढ्या-नाल्यांचं पाणी तिच्यात उतरत नाही, मागे तुंबतं आणि शेतात, रस्त्यावर पसरतं.

अशा वेळी जीव धोक्यात येतो तो बहुधा घरात नव्हे, नळकांडी पुलावर. गुडघ्याइतकं वाहतं पाणी माणसाला पाडतं, आणि त्याहून थोडं जास्त पाणी मोटारसायकल उचलून नेतं. पुलाचा कठडा दिसत नसेल तर पलीकडचं काम उद्यावर ढकलायचं.

पाणी ओसरल्यावर साप कोरड्या जागी येतात, म्हणजे घरात, सरपणात, कडब्याच्या गंजीत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं ही लक्षणं दिसली तरी थेट सरकारी रुग्णालय गाठावं. जखम चिरणं, दोरी आवळणं, मांत्रिकाकडे नेणं यात उपचाराचा वेळ जातो. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हळू येणारी आपत्ती

जालना जिल्ह्याला सर्वाधिक वेळा गाठणारं संकट मात्र दुष्काळाचं. १९७२ चा दुष्काळ आजही वयस्कर लोक वर्ष मोजायला वापरतात. २०१२-१३ मध्ये जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांना झाडं तोडावी लागली. नव्या बागेला चांगलं फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, म्हणजे एका उन्हाळ्याचा फटका अर्धं दशक पुरतो. घराच्या पातळीवर हाताशी असतं ते थोडंच: छताचं पाणी गाळून बोअर-विहिरीत मुरवणं, आणि टँकरचं पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच पिणं.

कागद वाचले तर मदत मिळते

आपत्तीनंतरची दुसरी लढाई कागदांची असते, आणि ती अनेक घरं हरतात. नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपयांची मदत मिळते. राज्यात विजेने झालेला मृत्यूही त्यात धरला जातो. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. घाईत अंत्यसंस्कार उरकले तर पुढे पुरावाच उरत नाही. जनावरांचंही तसंच. दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० आणि बैलाला ३२,००० रुपये असा निकष आहे, पण पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहण्याआधी जनावर पुरलं तर दावा अडकतो. निदान फोटो काढून ठेवावेत आणि तलाठ्याला, पोलीस पाटलाला त्याच दिवशी कळवावं.

पिकासाठी ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान आणि महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस, हे दोन आकडे सगळं ठरवतात. आपल्या शेतात ढग फुटला आणि मापक असलेल्या गावात रिमझिम झाली, तर अडचण होते. पीक पाण्याखाली असल्याचे तारखेसह फोटो आणि वेळेवर केलेली ई-पीक पाहणी तेव्हा कामी येते.

सातबारा, आधार, बँक पासबुक आणि शिधापत्रिका एका जाड प्लास्टिक पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवावं. प्रत्येकाचा फोटो घरातल्या दोन वेगळ्या फोनमध्ये असावा. पिशवीवर मार्करने चार नंबर लिहावेत: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा कक्ष १०७०, रुग्णवाहिका १०८ आणि पोलीस ११२. त्याच पिशवीत बॅटरी, रोजच्या गोळ्या आणि काही रोख रक्कमही मावते, कारण वीज गेली की ऑनलाइन व्यवहारही थांबतात.