डबा, खाद्यपदार्थांचा
उष्णतेने निर्जंतुक केलेले अन्न दीर्घकाळ टिकविण्यासाठी वापरण्यात येणारे धातूचे हवाबंद पात्र. पदार्थ, त्याला द्यावयाची उष्णता व पात्र ह्यांचा परस्परांशी मेळ बसणे अत्यावश्यक असते. तो न बसल्यामुळे ह्या पात्राच्या इतिहासात अनेकदा प्राणहानी झाली.

नीकॉला आपेर (१७४९–१८४१) ह्या फ्रेंच हलवायाने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बुचे घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात तापविण्याची पद्धत शोधून काढली. तिच्याबद्दल १८१० मध्ये फ्रेंच शासनाने त्याला १२,००० फ्रँक दिले. काच फुटते, ही त्या पद्धतीतील मोठी उणीव होती. त्याच वर्षी पीटर ड्युरँड ह्याने इंग्लंडमध्ये घेतलेल्या एकस्वात कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा समावेश होता. १८१३ मध्ये ब्रायन डाँकिन व त्याच्या भागीदारांच्या लंडनमधील कारखान्यातून असे डबे ब्रिटिश आरमाराला मिळू लागले. डबे उघडण्याचे खास साधन मात्र १८५० नंतरच आले. तोवर छिन्नी-हातोड्यावरच भिस्त होती.

हे डबे हाताने डाक देऊन जोडीत व त्या डाकात शिशाचे प्रमाण बरेच असे. आकाराचा प्रश्न त्याहूनही गंभीर होता. डबा जितका मोठा तितकी त्याच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोहोचते, ही गोष्ट उत्पादकांनी पुरेशी लक्षात घेतली नाही. १८५२ च्या आरंभी गॉस्पोर्ट येथील आरमारी कोठारात स्टीफन गोल्डनर ह्या ठेकेदाराचे मांसाचे डबे उघडले असता बहुतेक सडलेले आढळले. १८४५ मध्ये निघालेल्या फ्रँक्लिन मोहिमेलाही त्यानेच डबे पुरविले होते आणि त्या मोहिमेतील १२९ जणांपैकी एकही परतला नाही. बीची बेटावरील तीन खलाशांची प्रेते १९८४ व १९८६ मध्ये उकरून तपासली असता त्यांत शिशाचे मोठे प्रमाण आढळले व दोष डाकावर ठेवण्यात आला. तथापि त्या काळातील इतर खलाशांच्या अस्थींतही शिसे सापडत असल्यामुळे हा निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरला. सर्व दोष डब्याला देणे सोयीचे असले, तरी ते पुराव्याला धरून नाही.

अन्न नासण्याचे खरे कारण पाश्चरच्या संशोधनानंतर स्पष्ट झाले. १८९५ पासून प्रेस्कॉट व अंडरवुड ह्यांनी मॅसॅचूसेट्समध्ये केलेल्या अभ्यासात, काही जंतूंची बीजुके उकळत्या पाण्यातही टिकतात असे दिसून आले. १९१९-२० मध्ये अमेरिकेत ऑलिव्हमुळे बॉट्युलिझम ह्या विषबाधेने अनेकजण दगावले. ह्यांपैकी काही फळे काचेच्या बरण्यांतील होती. त्यानंतर अल्प अम्लतेच्या (पीएच ४·६ हून अधिक) पदार्थांना दाबाखालील वाफेने सु. ११५° ते १२१° से. तापमान देण्याची पद्धत दृढ झाली. कोकणातील हापूसचा रस अम्लीय असल्याने त्याला इतक्या उष्णतेची गरज नसते.

अम्लामुळे मात्र कथिल विरघळते, म्हणून अशा अनेक पदार्थांच्या डब्यांना आतून लाखेसारखा लेप देतात. मासळीतील गंधकाने पत्रा काळा पडतो, त्यासाठी लेप निराळा असतो. अननसासारख्या फिकट फळांना उलट लेपरहित डबाच मानवतो, कारण किंचित विरघळलेल्या कथिलाने त्यांचा रंग टिकून राहतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी दुहेरी दुमडीच्या जोडामुळे झाकणाचा डाक अनावश्यक झाला. बाजूच्या सांध्यात मात्र तो दीर्घकाळ राहिला. अमेरिकेत शिशाच्या डाकाचे खाद्यडबे बनविणे १९९१ मध्ये थांबले व १९९५ मध्ये त्यांवर बंदी आली. आतील लेपांत वापरण्यात येणाऱ्या बिस्फेनॉल-ए ह्या द्रव्यावर यूरोपीय संघाने २०२४ मध्ये बंदीचा निर्णय घेतला.