रक्ताचें नातें

'रक्ताचें नातें' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणें करतों कीं, त्याच्या अक्षरशः अर्थाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु एका माणसाच्या हाडांतील मज्जा दुसऱ्याच्या शरीरांत रुजवून त्याचें रक्तच पालटून टाकावयाचें, अशी एक विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उदयास आली. ती ज्याला फळली त्या रोग्याचा रक्तगटसुद्धां पुढें दात्याचाच होतो. अशा दोन व्यक्तींत कोणतें नातें मानावयाचें? या विद्येचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे हा प्रश्न वारंवार समोर येतो, आणि म्हणूनच तो इतिहास केवळ वैद्यांनीं वाचावा असा नाहीं.

आयुर्वेदानें सप्तधातूंचा जो क्रम लावला आहे त्यांत रक्त दुसरें आणि मज्जा सहावी येते. मज्जेंतून रक्त जन्मतें ही कल्पना युरोपांतील वैद्यांसही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. १८४५ सालीं एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट यानें व बर्लिन येथें रुडॉल्फ फिरखो यानें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, एका विलक्षण रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मृत रोग्यांचें रक्त पांढऱ्या पेशींनीं इतकें दाटलेलें होतें कीं, बेनेटला तो पुवाचा प्रकार वाटला. फिरखोनें मात्र हा रक्ताचाच निराळा विकार होय हें ओळखलें व मागाहून त्यास 'ल्युकेमिया', म्हणजे श्वेतरक्त, असें नांव दिलें. रोगास नांव मिळालें, पण त्याचें मूळ अज्ञातच होतें. तें कोठें शोधावें हें १८६८ मध्यें कळलें. त्या वर्षीं कोनिग्सबर्ग येथील एर्न्स्ट नॉयमान व इटलींतील ज्युलिओ बिझोझेरो यांनीं, रक्तपेशी हाडांच्या पोकळींतील मज्जेंत तयार होतात, असें दाखवून दिलें.

या ज्ञानाचा रोग्यास उपयोग होण्यास आणखी शंभर वर्षें लागलीं. आणि त्या कामास चालना मिळाली ती एका महासंहारामुळें. १९४५ च्या ऑगस्टमध्यें हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. स्फोटांतून व आगींतून जे वांचले त्यांपैकीं अनेक जण कांहीं आठवड्यांनंतर रक्तस्राव होऊन किंवा साध्या संसर्गानें मरण पावले. किरणोत्सर्गानें त्यांची मज्जा जळून गेली होती. अशा माणसांस वांचवितां येईल काय, हा प्रश्न तेव्हांपासून प्रयोगशाळांपुढें उभा राहिला. १९४९ सालीं शिकागोच्या लिऑन जेकबसन यांना असें आढळलें कीं, उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाखालीं झांकून बाकीच्या शरीरावर मारक किरण सोडले तरी तो उंदीर जगतो. (उंदराच्या प्लीहेंत रक्त तयार होत असतें, हें येथें लक्षांत ठेवावें.) १९५१ मध्यें एगॉन लोरेन्झ व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, निरोगी प्राण्याची मज्जा शिरेंतून टोंचली असतांही तोच परिणाम होतो.

तथापि हा परिणाम कशामुळें होतो याविषयीं वाद होता. मज्जेंतील एखादा रस रोग्याच्या स्वतःच्या मज्जेस पुन्हां जागें करतो, कीं दात्याच्या पेशीच तेथें बीजासारख्या रुजतात? १९५६ सालीं इंग्लंडांत हारवेल येथील संशोधकांनीं, ज्यांच्या गुणसूत्रांवर ओळखीची खूण होती अशा उंदरांची मज्जा वापरून, दुसरा पक्ष खरा ठरविला. पुढें टोरांटो येथील टिल व मॅककलक यांनीं १९६१ पासून केलेल्या प्रयोगांनीं, एकाच पेशीपासून तांबड्या व पांढऱ्या दोन्ही प्रकारच्या पेशींचा विस्तार होतो, हें सिद्ध केलें. आज जिला 'मूलपेशी' म्हणतात ती हीच.

उंदरांवर साधलेलें माणसांवर मात्र साधेना. १९५७ मध्यें अमेरिकेंतील कूपर्सटाउन या लहानशा गांवीं डोनाल थॉमस यांनीं सहा रोग्यांवर हा उपाय केल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांतील एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाहीं. १९५८ च्या ऑक्टोबरांत युगोस्लाव्हियांतील विंचा येथें अणुभट्टीचा अपघात होऊन सहा जण किरणोत्सर्गांत सांपडले. त्यांना पॅरिसला नेण्यांत आलें व त्यांपैकीं पांच जणांना जॉर्ज माते यांनीं फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. एक जण दगावला, बाकीचे वांचले. ते त्या मज्जेमुळें वांचले कीं त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हां सांवरली, याविषयीं पुढें तज्ज्ञांत मतभेद झाले. पण कधीं न पाहिलेल्या परदेशी माणसांसाठीं आपल्या हाडांत सुई खुपसून घेण्यास लोक तयार झाले, ही गोष्ट तरी निर्विवाद आहे.

त्यानंतरचीं दहा वर्षें निराशेचीं गेलीं. संकट दुहेरी होतें. रोग्याचें शरीर परकी मज्जा नाकारी. आणि ती रुजलीच तर त्या मज्जेंतील पेशी नव्या शरीरासच परकें समजून त्याच्या कातडीवर, यकृतावर व आंतड्यांवर हल्ला करीत. आश्रयास आलेल्यानेंच घर मोडावें, तसा हा प्रकार होता. जवळजवळ सर्व रोगी मृत्युमुखीं पडले आणि बहुतेक संशोधकांनीं हा नाद सोडून दिला. येथें एक नैतिक प्रश्न टाळतां येत नाहीं. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले त्यांना त्यांचा लाभ झाला नाहीं. मग ते करणें न्याय्य होतें काय? ज्यांच्यापुढें दुसरा कोणताच उपाय उरला नव्हता अशांवरच ते झाले, हें समर्थन खरें आहे, पण पुरें नाहीं. त्या रोग्यांचें ऋण मानल्यावांचून या विद्येचा इतिहास लिहितां येत नाहीं, एवढें तरी कबूल केलें पाहिजे.

थॉमस यांनीं नाद सोडला नाहीं. रोग्यांवरील काम आवरतें घेऊन ते कुत्र्यांवरील प्रयोगांकडे वळले व १९६३ मध्यें सिॲटल येथें गेले. त्यांच्या पत्नी डॉटी यांनीं प्रयोगशाळेंत त्यांच्या बरोबरीनें जन्मभर काम केलें. इकडे पॅरिसमध्यें जाँ दोसे यांनीं १९५८ सालींच पांढऱ्या पेशींवरील एक खूण ओळखली होती. अशा खुणा प्रत्येकाच्या निराळ्या असून त्यांचा एक संच आईकडून व एक बापाकडून येतो. म्हणून सख्ख्या भावंडांत त्या पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक इतका असतो. ही किल्ली सांपडल्यावर कुलूप उघडूं लागलें. १९६८ मध्यें मिनेसोटा येथें रॉबर्ट गुड यांनीं, जन्मतःच रोगप्रतिकारशक्ति नसलेल्या एका बालकास त्याच्या बहिणीची मज्जा देऊन वांचविलें. १९७७ सालीं थॉमस यांनीं, इतर सर्व उपाय थकलेल्या शंभर रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं तेरा रोगमुक्त होते. शंभरांत तेरा हा आंकडा लहान वाटेल. पण पूर्वीं त्या ठिकाणीं शून्य होतें. १९७९ मध्यें, रोग आटोक्यांत असतांनाच मज्जा दिलेल्या एकोणीस रोग्यांचें वृत्त प्रसिद्ध झालें. त्यांत निम्म्याहून अधिक जगले होते. १९९० सालीं थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

या इतिहासाचा एक धागा मुंबईंत येऊन पोंचतो. १९३१ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई वेल्समध्यें ल्युकेमियानें वारल्या. जें धनानें मिळण्यासारखें होतें तें सर्व त्यांना मिळूं शकत होतें. परंतु त्या वेळीं या रोगावर जगांत कोठेंही औषध नव्हतें. पुढच्याच वर्षीं त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनीं ल्युकेमियाच्या संशोधनासाठीं न्यास स्थापिला. आणि टाटांच्याच दानांतून १९४१ मध्यें परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. त्याच रुग्णालयांत १९८३ सालीं, सिॲटलला थॉमस यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनीं ल्युकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर भारतांतील पहिलें यशस्वी मज्जारोपण केलें. मेहेरबाईंना जें मिळूं शकलें नाहीं तें अर्ध्या शतकानंतर त्यांच्याच शहरांत एका लहान मुलीस मिळालें.

परंतु ज्याला जुळणारें भावंड नाहीं त्यानें काय करावें? लंडनमधील शर्ली नोलन या मातेनें आपल्या आजारी मुलासाठीं १९७४ मध्यें दात्यांची एक नोंदवही सुरू केली. तिचा अँथनी १९७९ सालीं, दाता न मिळतांच, गेला. ती नोंदवही मात्र राहिली, व तिच्यापासून धडा घेऊन देशोदेशीं तशा वह्या निघाल्या. आज जगांत चार कोटींहून अधिक लोकांचीं नांवें त्यांत आहेत. १९८८ मध्यें पॅरिस येथें नवजात भावंडाच्या नाळेंतील रक्तानेंही काम भागतें असें दिसून आलें. पुढें अर्धवट जुळणाऱ्या आईबापांची मज्जा वापरण्याची युक्तिही साधली. मज्जेच्या एका जुनाट कर्करोगासाठीं २००१ पासून पोटांत घेण्याचें औषधच मिळूं लागल्यानें, त्यांतील बहुतेकांस आतां रोपणाची गरज उरली नाहीं. संकटें मात्र अद्याप पुरतीं टळलेलीं नाहींत, आणि खर्चही सामान्य कुटुंबाच्या आटोक्याबाहेरचाच आहे.

आम्हां भारतीयांची अडचण आणखी एक आहे. या खुणा वंशपरंपरेनें येतात. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जातींतच विवाह करीत आलेल्या समाजांत त्यांचे प्रकारही समाजासमाजांत निरनिराळे पडतात. तेव्हां मराठी रोग्यास जुळणारा दाता युरोपच्या नोंदवहींत सांपडण्याची आशा थोडी. तो बहुधा आपल्याच लोकांत सांपडावयाचा. आणि आपल्या देशांतील नोंदवह्यांत लोकसंख्येच्या मानानें नांवें फारच थोडीं आहेत. दात्याचें नुकसान तरी काय होतें? आतां बहुधा हाताच्या शिरेंतूनच या पेशी काढून घेतात, व थोड्याच आठवड्यांत शरीर ती तूट भरून काढतें. मज्जा ही अशी ठेव आहे कीं, दिल्यानें तींत उणें पडत नाहीं.

जात, गोत, कूळ यांचा विचार आपण रक्ताच्या नांवानें शतकानुशतकें करीत आलों. त्या विचारानें माणसें जोडलीं थोडीं, वेगळीं केलीं पुष्कळ. मज्जारोपणाची विद्या रक्ताचा तो हिशेब खोटा ठरवीत नाहीं. उलट त्याचाच उपयोग करून, ज्याचें तोंडही आपण कधीं पाहिलें नाहीं अशा माणसाशीं आपणांस जोडून देते. असें नातें जडण्यासाठीं लग्नाची किंवा जन्माची वाट पाहावी लागत नाहीं. नोंदवहींत नांव असलें म्हणजे पुरतें.